एवढ्याशा खड्याला त्रास

झवेरी बाजारातल्या एका जुन्या पेढीवर भाचीच्या नवरत्न अंगठीसाठी खडे पाहायला गेले होते. पांढरी चादर घातलेली बैठक, खिडकीतून येणारा उत्तरेचा थंड उजेड आणि शेठजींच्या बोटांतून एकामागून एक उलगडत जाणाऱ्या कागदी पुड्या. माणिक झाले, पुष्कराज झाला. लसण्या निवडताना तर अर्धी दुपार गेली, कारण त्यातली पांढरी रेघ भाचीला अगदी मधोमध सरकणारी हवी होती. मग मी भूशास्त्र शिकवते हे ठाऊक असल्यामुळे, केवळ कौतुकाने, शेठजींनी स्पिनेल या रत्नखनिजाची एक मिश्र पुडी माझ्यापुढे उघडली. गुलाबी, विटकरी, करडे-निळे असे लहान खडे होते आणि त्यांत एक फिकट जांभळा, धुवट म्हणावा असा. मी तो चिमट्यात धरला आणि पोलरिस्कोप, म्हणजे खडा ध्रुवित प्रकाशात पाहण्याचे उपकरण, आहे का, असे विचारले. शेठजी हसले आणि मायेने म्हणाले, "ताई, एवढ्याशा खड्याला कशाला त्रास देता? स्पिनेलच आहे तो." उपकरण मात्र त्यांनी आतून मागवून दिले. एकमेकांना आडव्या धरलेल्या दोन ध्रुवकांच्या मध्ये खडा ठेवून मी तो सर्व दिशांनी फिरवला आणि सर्व दिशांनी तो काळोखाच राहिला, स्पिनेल राहते तसा. शेठजींचे म्हणणे खरे होते. खडा पुडीत परत गेला, आम्ही चहा घेतला आणि निघालो. लोकलमध्ये बसल्यावर ते वाक्य पुन्हा आठवले आणि त्यानंतर ते मनातून जाईना.

ओळख पटवताना वस्तूला काही सोसावे लागते, हे मला फार आधीपासून ठाऊक होते.

महाविद्यालयात खनिजशास्त्राच्या प्रयोगशाळेत लाकडी खणांचे एक कपाट होते. प्रत्येक खणात खनिजाचा एक तुकडा आणि त्यावर पांढऱ्या रंगाच्या ठिपक्यात काळ्या शाईने लिहिलेला क्रमांक. रंग, चकाकी, कस, काठिण्य, पाटन (ठरावीक पातळीत फुटणे), भंग या क्रमानेच तपासणी करायची, अशी सरांची शिस्त होती आणि त्या क्रमातल्या पहिल्या दोन गोष्टी सोडल्या तर बाकी सर्व पायऱ्यांवर दगडाला काही ना काही द्यावे लागे. कस पाहायचा म्हणजे खनिज खरखरीत चिनी मातीच्या पट्टीवर घासायचे आणि मागे उरलेल्या भुकटीचा रंग पाहायचा. काठिण्य पाहायचे म्हणजे ओरखडायचे. जिप्समच्या तुकड्यावर पिढ्यानपिढ्यांच्या विद्यार्थ्यांच्या नखांचे व्रण होते, इतके की त्याची मूळची रेशमी चकाकी फक्त एका कोपऱ्यात शिल्लक होती. कॅल्साइटवर आम्ही आम्लाचा थेंब टाकत असू. तो फसफसे, बोटांना गार लागे आणि तुकडा दर वर्षी थोडा झिजे. कोरंडम मात्र कोणालाच दाद देत नसे. तो स्वतः बाकीच्यांना ओरखडत असे आणि कपाटातल्या सर्व खनिजांत तोच एकटा धडधाकट दिसे. त्या वयात मला त्यात काही वावगे वाटले नाही. नमुने त्यासाठीच असतात, असे आम्ही मानत होतो. आज विद्यार्थ्यांच्या हातात तेच तुकडे देताना मी "जपून" म्हणते, पण ओरखडू नका असे म्हणता येत नाही.

त्या दुपारी पुडीतल्या जांभळ्या खड्यात मी जे शोधत होते, त्याचे नाव टाफाइट. बेरिलियम, मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियम यांचे हे ऑक्साइड खनिज जगातल्या अतिदुर्मिळ रत्नांत मोजले जाते, आणि खनिजांच्या इतिहासात त्याची एक गोष्ट सर्वांहून निराळी आहे. खनिजे खाणीत, खडकात, नदीच्या वाळूत सापडतात. मग त्यांची ओळख पटते. मग त्यांतली देखणी असतात त्यांना पैलू पडतात. टाफाइटचा प्रवास उलटा झाला. विज्ञानाला ते प्रथम भेटले तेच पैलू पाडलेल्या खड्याच्या रूपात, दुसऱ्याच नावाखाली.

ही गोष्ट डब्लिनची, ऑक्टोबर १९४५ची आहे. रिचर्ड टाफ हे रत्नांचे जाणकार तिथे राहत होते. घराणे मूळचे आयरिश, पण पिढ्यानपिढ्या ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात रुजलेले. आजोबा एदुआर्द टाफ ऑस्ट्रियाचे पंतप्रधान होते. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ साली, शत्रुपक्षाच्या बाजूने राहिल्याबद्दल टाफ यांच्या वडिलांचा ब्रिटनमधला सरदारी किताब काढून घेण्यात आला आणि त्याच वर्षी ऑस्ट्रियाच्या नव्या प्रजासत्ताकाने सरदारक्याच रद्द केल्या. दोन्ही देशांत मान होता तो दोन्ही देशांत एकाच वर्षी गेला. पुढे डब्लिनमध्ये या माणसाने खड्यांवर आपली नजर लावली. एका जवाहिऱ्याकडून त्यांनी बरेच सुटे खडे घेतले आणि घरी आणून एकेक सूक्ष्मदर्शकाखाली पाहू लागले. त्यांत एक फिकट जांभळा खडा होता, १.४१९ कॅरेटचा, म्हणजे पाव ग्रॅमहून किंचित जास्त. स्पिनेल म्हणूनच तो त्या ढिगात आला होता आणि चाचण्यांनाही स्पिनेलसारखाच उतरत होता. परंतु त्याच्या आतून मागच्या पैलूंकडे पाहताना तिथले बारीक कण टाफ यांना एकाऐवजी दोन-दोन दिसले.

हे दोन-दोन दिसणे काय आहे, हे थोडे थांबून सांगायला हवे, कारण सगळी कथा त्यावर उभी आहे. स्पिनेलचा स्फटिक घन प्रणालीतला असतो. त्याच्या आत अणूंची मांडणी तिन्ही दिशांनी सारखी असते, म्हणून प्रकाश कोणत्याही दिशेने शिरला तरी एकाच वेगाने, एकच किरण होऊन जातो. षट्कोनी प्रणालीतल्या स्फटिकात तसे नसते. तिथे एक अक्ष बाकीच्या दिशांहून वेगळा असतो आणि तो वगळता इतर कोणत्याही दिशेने जाणारा प्रकाश दोन किरणांत विभागला जातो. त्या दोन किरणांच्या अपवर्तनांकांतला, म्हणजे प्रकाश किती वळतो त्या मापातला, फरक मोठा असेल तर दुहेरी प्रतिमा नुसत्या डोळ्यांनीही दिसते. कॅल्साइटच्या तुकड्याखाली छापील ओळ धरली की प्रत्येक अक्षर दोनदा दिसते, ते यामुळेच. टाफाइटमध्ये हा फरक जेमतेम ०.००४ ते ०.००५ आहे. क्वार्ट्झमध्ये तो ०.००९ असतो आणि क्वार्ट्झचासुद्धा फार थोडा मानतात. त्याच्या निम्म्या फरकाने फाटलेली प्रतिमा, तीही काही मिलिमीटरच्या खड्यातून, टिपायची म्हणजे नजर किती स्थिर असली पाहिजे याची कल्पना मला पोलरिस्कोपपुढे बसले की येते. शिवाय खडा एकाच दिशेने पाहून भागत नाही. त्या वेगळ्या अक्षाच्या रोखाने पाहिले तर टाफाइटही स्पिनेलसारखेच एकेरी दिसते. खडा वळवत राहावा लागतो.

बाकीचे गुणधर्म तर चकवणारेच आहेत. स्पिनेलचा अपवर्तनांक १.७१८च्या आसपास, टाफाइटचे दोन अपवर्तनांक साधारण १.७१९ आणि १.७२३. विशिष्ट गुरुत्व दोघांचेही ३.६०च्या जवळ. काठिण्य मोह्सच्या श्रेणीत दोघांचे आठ किंवा थोडे वर. रंगही तेच, फिकट जांभळा, गुलाबी, करडा, क्वचित जवळजवळ रंगहीन. तराजू, अपवर्तनांक मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर आणि डोळा या तिघांनी मिळून साक्ष दिली तरी ती स्पिनेलच्याच बाजूची होईल.

यात एक जुना न्यायही दडलेला आहे. स्पिनेल हे खनिज स्वतःच शतकानुशतके दुसऱ्याच्या नावाने वावरले. ब्रिटनच्या राजमुकुटातला ब्लॅक प्रिन्सचा म्हणवला जाणारा माणिक स्पिनेल आहे. जहांगीर आणि शाहजहान यांची नावे ज्याच्यावर कोरलेली आहेत तो तैमूर रुबी म्हणून ओळखला जाणारा प्रचंड लाल खडाही स्पिनेलच आहे. १७८३ साली रोमे द लील या फ्रेंच अभ्यासकाने स्पिनेलला माणकापासून वेगळे केले. माणिक म्हणजे कोरंडम, ॲल्युमिनियमचे ऑक्साइड, आणि ते प्रकाश दुभंगते. स्पिनेल दुभंगत नाही. ज्या कसोटीने आज प्रयोगशाळेत स्पिनेलला माणकाच्या सावलीतून बाहेर काढतात, त्याच कसोटीने, मात्र उलट्या बाजूने, टाफाइट स्पिनेलच्या सावलीतून बाहेर आले. ही साखळी पुढेही जाते, पण त्याकडे नंतर वळते.

टाफ यांनी १ नोव्हेंबर १९४५ रोजी तो खडा लंडनला बी. डब्ल्यू. अँडरसन यांच्याकडे पाठवला. अँडरसन लंडनच्या चेंबर ऑफ कॉमर्सची रत्नपरीक्षा प्रयोगशाळा चालवत होते आणि खडे तपासण्यात त्यांचा हात धरणारा त्या काळी विरळा होता. स्पिनेलसारखे सारे काही, तरीही प्रकाश दुभंगतो, हे काय असावे, असे टाफ यांनी विचारले होते. चारच दिवसांनी अँडरसन यांचे उत्तर आले: हे स्पिनेल आहे की काही नवेच, याबद्दल त्यांनाही खात्री वाटत नव्हती. मला या उत्तराचे फार मोल वाटते. ज्याच्या शब्दावर बाजार चालतो अशा माणसाने आठवड्याच्या आत, कागदावर, मला खात्री नाही असे लिहून देणे ही साधी गोष्ट नव्हे.

आणि इथे तो त्रास येतो.

अपवर्तनांक मोजणे, पाण्यात तोलून विशिष्ट गुरुत्व काढणे, ध्रुवित प्रकाशात फिरवणे या सर्वांत खड्याला काही होत नाही. पण खनिज नवे आहे असे म्हणायचे असेल तर ते कशाचे बनले आहे हे सांगावे लागते आणि १९४५ साली त्यासाठी रासायनिक पृथक्करणाखेरीज मार्ग नव्हता. पृथक्करण म्हणजे नमुना विरघळवून संपवणे. इथे तर नमुना म्हणून जगात माहीत असलेला एकच खडा होता, पैलू पाडलेला, पाव ग्रॅमचा. टाफ यांची संमती घेऊन त्याचा तुकडा काढण्यात आला आणि उरलेल्या भागाला पुन्हा पैलू पाडले गेले. ब्रिटिश म्युझियमच्या निसर्गेतिहास विभागातले क्लॅरिंगबुल यांनी क्ष-किरणांनी त्याची स्फटिकरचना पाहिली आणि ती षट्कोनी निघाली. मॅक्स हे या रसायनज्ञाने अवघ्या काही मिलिग्रॅमवर पृथक्करण केले आणि त्यात बेरिलियम सापडले. बेरिलियम आणि मॅग्नेशियम ही दोन्ही मूलद्रव्ये घडणीचा आवश्यक भाग असलेले तोवर ज्ञात असे एकही खनिज नव्हते. १९५१ साली अँडरसन, त्यांचे सहकारी पेन आणि क्लॅरिंगबुल यांनी 'मिनरॉलॉजिकल मॅगझिन'मध्ये ते प्रसिद्ध केले आणि नाव टाफ यांच्यावरून ठेवले. तोवर दुसरा एक खडाही हाती आला होता.

तो तुकडा काढण्याच्या दिवसाचा विचार मी अनेकदा केला आहे. कापण्याची चकती फिरत असेल, पाण्याची बारीक धार असेल, दगड कापताना येतो तो ओला, किंचित जळका वास असेल. एकुलत्या एका खड्यावर पाते टेकवायचे, तेही त्याला मोडण्यासाठी नव्हे तर त्याचे नाव कळावे म्हणून. टाफ यांनी होकार दिला याबद्दल मला आदर वाटतो आणि त्याच वेळी पोटात काही हलतेही. खडा तसाच राहिला असता तर एका जुन्या दागिन्यात सुखाने स्पिनेल म्हणून नांदला असता. लहान झाला तेव्हाच तो टाफाइट झाला.

गंमत म्हणून नव्हे, खेदानेही नव्हे, पण नोंद म्हणून सांगायला हवे की एवढे देऊनही त्या पहिल्या पृथक्करणाचे उत्तर पूर्ण बरोबर आले नव्हते. १९५१च्या सूत्रात बेरिलियमचा एक, मॅग्नेशियमचा एक, ॲल्युमिनियमचे चार आणि ऑक्सिजनचे आठ अणू असे प्रमाण होते. भाचीच्या अंगठीतला लसण्या म्हणजे क्रायसोबेरिल, त्यात बेरिलियमचा एक, ॲल्युमिनियमचे दोन, ऑक्सिजनचे चार. स्पिनेलमध्ये बेरिलियमच्या जागी मॅग्नेशियम. दोन्ही समसमान मिसळले की हेच सूत्र तयार होते, त्यामुळे ते दिसायलाही फार पटणारे होते. १९८०च्या दशकात अधिक चांगल्या नमुन्यांवर आणि स्फटिकरचनेवर काम झाले, तेव्हा खरे प्रमाण कळले: बेरिलियमचा एक, मॅग्नेशियमचे तीन, ॲल्युमिनियमचे आठ, ऑक्सिजनचे सोळा. काही मिलिग्रॅम धुळीवरून, हाताने, बेरिलियमसारखे निसटते मूलद्रव्य मोजणाऱ्या त्या माणसाच्या कौशल्याबद्दल यामुळे माझ्या मनातला आदर कमी होत नाही.

हे खनिज इतके दुर्मिळ का, याचे उत्तर त्याच्या घटकांतच आहे. पृथ्वीच्या कवचात बेरिलियम दशलक्ष भागांत दोन-तीन भाग एवढेच असते. ते एकवटले तरी आजूबाजूला सिलिका बहुधा मुबलक असते आणि मग बेरिलसारखी सिलिकेट खनिजे तयार होतात. पाचू हा त्याचाच एक प्रकार. बेरिलियमला ऑक्साइड म्हणून राहायचे असेल तर सिलिकेचा तुटवडा आणि ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमची समृद्धी, अशी विपरीत परिस्थिती एकत्र यावी लागते, तीही बहुतेक वेळा जमिनीत खोलवर, उष्णता आणि दाबाने होणाऱ्या खडकांच्या तीव्र रूपांतरणात. आपल्या दख्खनच्या बेसॉल्टने आम्हाला झिओलाइटांची लयलूट दिली आहे आणि त्यांच्यावर माझा जीव आहे. पण टाफाइट तिथे भेटण्याचे कारण नाही. ते भेटते श्रीलंकेत, टांझानियातल्या तुंडुरूच्या वाळूत, म्यानमारमध्ये आणि चीनच्या हुनान प्रांतात. डब्लिनचा खडाही बहुधा श्रीलंकेतूनच निघालेला असावा.

रत्नपूरच्या आसपास मी या खाणी पाहिल्या आहेत. भातशेतीच्या मधोमध लाकडी खांबांनी टेकवलेला चौकोनी खड्डा, माती ढासळू नये म्हणून भिंतींना लावलेली नेच्यांची हिरवी पाने, सतत पाणी उपसणाऱ्या पंपाची धडधड. तळाशी जो खडे-वाळूचा थर लागतो त्याला तिथे इल्लम म्हणतात. तो वर काढून वेताच्या रुंद टोपल्यांत घालतात आणि कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून माणसे टोपल्या गोल फिरवतात; हलकी वाळू कडेने वाहून जाते आणि जड खडे मध्ये बसतात. मग एक अनुभवी माणूस टोपली तिरकी उन्हात धरून बोटांनी ओला ढीग सारखा करतो. नीलम, पुष्कराज, स्पिनेल, तामडा, झिरकॉन सारे ओलेच चमकतात. त्या टोपलीत टाफाइट असलेच तर बाकीच्यांसारखेच जड, तसेच झिजून गोल झालेले. टोपलीवरची वर्गवारी वजनाने होते, डोळ्याने होते, आणि स्पिनेल व टाफाइट यांना वेगळे करण्याची शक्ती त्या दोन्हींत नाही. ते काम समुद्रापलीकडे, कोणाच्या तरी टेबलावर, क्वचितच होते.

१९६७ साली दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या मस्ग्रेव्ह डोंगररांगांतून टाफाइटचा एक भाऊ पुढे आला, मस्ग्रेव्हाइट. घटक तेच चार. फरक मांडणीचा. ती मांडणी समजावून सांगताना मला नेहमी तबल्याचा ठेका आठवतो: बोल दोनच असले तरी ते कोणत्या क्रमाने येतात आणि आवर्तन कुठे पुरे होते यावर ताल ठरतो. इथले दोन बोल म्हणजे अणूंचे दोन प्रकारचे थर-गट. एक स्पिनेलच्या घडणीचा, त्याला अभ्यासक एस म्हणतात; दुसरा नोलनाइट या खनिजाच्या घडणीचा, त्याला एन म्हणतात आणि टाफाइटमधल्या त्याच्या बेरिलियमधारी रूपाला एन′. १९५१ साली जे सूत्र संपूर्ण खनिजाचे वाटले होते ते या एका एन′ गटाचे आहे. टाफाइटमध्ये एन′ आणि एस एकाआड एक येतात आणि ऑक्सिजनच्या आठ थरांनंतर क्रम पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. मस्ग्रेव्हाइटमध्ये दोन एन′मागे एक एस असतो आणि आवर्तन पूर्ण व्हायला अठरा थर लागतात. एसचे प्रमाण घटल्यामुळे मॅग्नेशियम थोडे कमी होते, बेरिलियमचा वाटा वाढतो. बाहेरून मात्र अपवर्तनांक एकमेकांत मिसळलेले, वजन तेच, रंग तोच, आणि प्रकाश दुभंगण्यातही फरक करता येऊ नये इतके साम्य. माणकाच्या मागे स्पिनेल, स्पिनेलच्या मागे टाफाइट, टाफाइटच्या मागे मस्ग्रेव्हाइट. मी मघाशी म्हटले ती साखळी ही. रत्नाच्या दर्जाचा मस्ग्रेव्हाइट खडा ओळखला जायला १९९३ साल उजाडले आणि तोही श्रीलंकेचाच होता.

या दोघांना वेगळे करायचे तर अणूंच्या मांडणीपर्यंत पोहोचावे लागते, आणि क्ष-किरणांच्या रूढ पद्धतीसाठी पुन्हा खड्याचा कण किंवा भुकटी लागे. सुटका झाली ती एका जुन्या शोधाने. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी कोलकात्यात चंद्रशेखर व्यंकट रामन आणि त्यांचे सहकारी कृष्णन यांनी विखुरलेल्या प्रकाशात मूळ प्रकाशाहून वेगळ्या रंगाचा क्षीण अंश असल्याचे दाखवले. पदार्थातले अणू ज्या लयींत कंप पावतात त्या लयींचा ठसा त्या अंशावर उमटलेला असतो. मांडणी बदलली की ठसा बदलतो. १९९०च्या दशकाच्या अखेरीस या पद्धतीने टाफाइट आणि मस्ग्रेव्हाइट यांचे ठसे स्पष्टपणे वेगळे करता येतात हे सिद्ध झाले. लेझरचा एक ठिपका पैलूवर काही क्षण थांबतो, पडद्यावर शिखरांची रेघ उमटते, आणि खडा होता तसाच पुडीत परत जातो. कापणे नाही, घासणे नाही, आम्ल नाही. रामन यांना स्वतःला हिरे आणि स्फटिक यांचा विलक्षण लोभ होता. बंगळुरूच्या त्यांच्या संस्थेत त्यांनी जमवलेली खनिजे आजही आहेत. मला वाटते, खड्याला त्रास न देता त्याचे नाव विचारण्याची ही रीत त्यांना सर्वांत प्रिय वाटली असती.

नावाचे सांगायचे तर तिथे माझे मन अजून दुभंगलेलेच आहे. १९८१ साली श्रीलंकेतल्या एका खड्यावरून टाप्रोबनाइट नावाचे नवे खनिज जाहीर झाले. बेटाचे ग्रीकांनी ठेवलेले जुने नाव त्याला दिले होते. दोनच वर्षांत ते टाफाइटच असल्याचे दिसून आले आणि इतके सुंदर नाव यादीतून पुसले गेले. त्याच सुमारास फिनलंडमध्ये लोहयुक्त भावंड सापडले आणि त्याला एका फिन्निश भूशास्त्रज्ञाचे नाव मिळाले. असा एकेका माणसाच्या, डोंगराच्या, बेटाच्या नावांचा पसारा वाढत असताना २००२ साली स्फटिकशास्त्रज्ञ आर्मब्रुस्टर यांनी सुचवलेली नवी नामपद्धती स्वीकारली गेली. टायटॅनियमचे होगबोमाइट, कथिलाचे नायजेराइट आणि बेरिलियमचे टाफाइट अशी तीन घराणी तिने एकाच नियमाखाली आणली. मुख्य धातू कोणता ते नावाच्या सुरुवातीला, घराणे मध्ये, आणि आवर्तनात एन किती, एस किती हे शेवटी. टाफाइट झाले मॅग्नेसिओटाफाइट-२एन′२एस. मस्ग्रेव्हाइट झाले मॅग्नेसिओटाफाइट-६एन′३एस, म्हणजे त्या ऑस्ट्रेलियन डोंगरांचे नाव अधिकृत यादीतून गेलेच. फिनलंडचे खनिज झाले फेरोटाफाइट-६एन′३एस. रत्नांच्या बाजारात आणि प्रमाणपत्रांवर अजून जुनीच नावे चालतात, आणि मीही बोलताना तीच वापरते.

वर्गीकरण म्हणजे निसर्गाने घालून दिलेली चौकट असे विद्यार्थ्यांना वाटते, तेव्हा मी त्यांना क्वार्ट्झचे उदाहरण देते: एका मान्यवर पद्धतीत ते ऑक्साइडांत बसते, दुसऱ्या तितक्याच मान्यवर पद्धतीत सिलिकेटांत. क्वार्ट्झला त्याने काही फरक पडत नाही. पण २००२ची ही पद्धती मला निव्वळ सोयीची कप्पेबंदी वाटत नाही. डोंगराचे नाव गेले याची हळहळ आहे. आणि त्याच वेळी, नाव वाचताच आतल्या थरांचा क्रम कळतो, हे मान्य केल्याशिवाय राहवत नाही. मस्ग्रेव्हाइट या शब्दाने खनिज कुठे सापडले ते सांगितले होते. नवे नाव ते काय आहे हे सांगते.

शिवाय ती पद्धती पुढचेही सांगत होती. टाफाइटच्या घराण्यात मॅग्नेशियम किंवा लोह, आणि दोन आवर्तने, असा हिशेब मांडला तर चार घरे होतात. २००२ साली त्यांतली तीन भरलेली होती. चौथे घर, लोहाचे आणि आठ थरांच्या आवर्तनाचे, रिकामे होते. २०११ साली चीनमधल्या हुनान प्रांतातल्या शिआंगह्वालिंगच्या कथिल-खाणींच्या परिसरातून ते खनिज मिळाले आणि आंतरराष्ट्रीय खनिजशास्त्र संघटनेने त्याला मान्यता दिली. त्याला काय म्हणायचे, यावर चर्चेची गरज नव्हती. फेरोटाफाइट-२एन′२एस हे नाव नियमातून नऊ वर्षे आधीच तयार झालेले होते.